बाहेरून लावलेली कडी

"मॅडम, आज मला सरळ एक काय ते सांगून टाका. सांगू का नको सांगू?"

गिरिजा खुर्चीच्या टोकाशी बसली होती. पायाशी प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत तिच्या चपला.

"तुला काय वाटतं?" मी विचारलं.

"झालं! आलं तुमचं 'तुला काय वाटतं'." ती हसली, पण दमल्यासारखी. "मला काय वाटतं ते मला कळलं असतं तर तुमचा जिना कशाला चढले असते मी? आमची आत्या असती तर एव्हाना सांगून, वर पाठीत एक धपाटा घालून मोकळी झाली असती."

तिचं काही चुकत नव्हतं. आपल्याकडे माणूस मोठ्यांकडे जातो तो उत्तर घ्यायला. आणि मी एवढं शिकूनसवरून प्रश्न परत करायचे. त्या दिवशी ते वाक्य बोलताना माझाच मला कंटाळा आला. त्या वर्षांत मी सारखी दमलेलीच असायचे. सगळ्या तालुक्याची दुखणी ऐकायची, आणि ऐकलेलं एक अक्षर कुणाशी बोलायचं नाही. घरी आलं की आई विचारायची, "आज काय झालं?" मी म्हणायचे, "काही नाही." तिला वाटायचं, पोरीचं काही चालत नाही.

तासगावात बांगड्यांच्या दुकानावर माझ्या दोन खोल्या होत्या. सुरुवातीला मी हौसेनं पाटी लावली होती, 'प्रमिला कोष्टी, मानसतज्ज्ञ'. वर्षभर जिन्यावर कुत्रंसुद्धा चढलं नाही. मग पाटी बदलली. 'अभ्यास व करिअर मार्गदर्शन'. लोक यायला लागले. सत्तरीचे आजोबा काठी टेकत करिअर मार्गदर्शनाला यायचे आणि कुणाला काही वाटायचं नाही. तरी चपलांचा घोळ राहिलाच. जिन्याच्या वरच्या पायरीवर काढलेल्या चपला खाली बांगड्या भरणाऱ्या बायकांना दिसायच्या, आणि आमच्या गावात बायका चपलेवरून माणूस ओळखतात. म्हणून माझ्याकडे येणारे चपला पिशवीत घालून आत आणायचे. मी कुणाला शिकवलं नव्हतं, ज्याचं त्यानं शोधून काढलं.

गिरिजा शेटे ही आमच्या गावातल्या बेदाण्याच्या व्यापाऱ्याची एकुलती एक मुलगी. हायस्कुलात गणित शिकवायची. आई गेल्यावर तिचं खाणं सुटलं, झोप सुटली आणि एका पहाटे ती मळ्यातल्या विहिरीच्या काठावर बसलेली सापडली. तिथं कशाला गेले होते ते मलाच ठाऊक नाही, असं ती म्हणायची. वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, तिला तसंच सांगलीला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बोलण्यासाठी माझ्याकडे पाठवलं. ही जुनी गोष्ट. आता गोळ्या बंद होत्या, पोर शिकवत होती, हसत होती, आणि मिरजेहून स्थळ आलं होतं. मुलगा तिला आवडला होता. त्याला विहिरीचं सांगायचं की नाही, हा तिचा प्रश्न होता.

"आप्पांनी गळ्याची शपथ घातलीय," ती म्हणाली. "म्हणतात, लग्नाआधी तोंड उघडलंस तर माझं मेलेलं तोंड बघशील. आणि तो सोमनाथ मला विचारतो, तुझ्या आवडीचं गाणं कुठलं? मी गाणं सांगते. पोटात मात्र ते दुसरंच."

आप्पा माझ्याकडेही येऊन गेले होते. टेबलावर बेदाण्याची पुडी ठेवून म्हणाले, "मिरजेची माणसं चौकशीला फिरणार बाई. तुमच्यापर्यंत आली तर गिरिजाचं नावसुद्धा ऐकलं न्हाई म्हणायचं."

"आप्पा, मी काहीच सांगणार नाही. ते माझ्या कामात बसतच नाही."

"'सांगणार न्हाई' नको! तसं म्हटलं की समोरचा काय समजायचं ते समजतो. सरळ 'ओळखत न्हाई' म्हणा."

"खोटं कसं बोलू?"

"पोरीच्या लग्नात खोटं नसतं बाई," आप्पा म्हणाले. "त्याला सांभाळून घेणं म्हणतात."

मी बेदाणे परत केले. आमच्या नियमात भेटवस्तू बसत नाही. आप्पांचा चेहरा उतरला. बेदाणे परत करणारी बाई आपल्या बाजूची नाही, असं त्यांना वाटलं असणार.

तर त्या दुपारी गिरिजाचं बोलणं अर्ध्यावर असताना जिन्यावर पावलं वाजली. बाहेरच्या खोलीत केर्तू एकटीच होती, म्हणून मी उठले. "आलेच हं," म्हटलं, बाहेर आले आणि दाराला कडी घातली. ती आतली खोली पूर्वी घरमालकांची बेदाण्याच्या पेट्या ठेवायची कोठी होती, त्यामुळे कडी बाहेरच्या बाजूला. दार उतरलेलं, कडी नाही घातली तर आपोआप करकरत उघडायचं आणि आतला माणूस बाहेर दिसायचा. मी बाहेर आले की हात आपसूक कडीकडे जायचा.

केर्तूचं सांगायचं राहिलं. ही फिनलंडची, माझ्यासारखीच मानसतज्ज्ञ. देशोदेशीच्या मानसतज्ज्ञांना एकच नीतिनियम पाळता येतील का, याचा शोध घेणारा एक गट होता, त्यांच्यातर्फे ती महिनाभर माझ्याकडे राहायला आली होती. काम बघायची, प्रश्न विचारायची, आणि आईनं केलेली ज्वारीची भाकरी डोळ्यांतून पाणी काढत ठेच्याबरोबर खायची. मराठी तिला 'बास' आणि 'पाणी' एवढंच यायचं. गिरिजानं "गोरी बाई बाहेर बसू दे" म्हटल्यावर ती निमूट बाहेर जाऊन बसली होती.

जिना चढून आली ती साठीची एक बाई. इरकली लुगडं, कपाळावर विभूतीच्या रेघा, दोन्ही हातांत नुकत्या भरलेल्या हिरव्या बांगड्या. धापा टाकत खुर्चीत बसली.

"जिना हाय का जोतिबाचा डोंगर! पाणी द्या आधी." दोन घोट पिऊन तिनं केर्तूकडं निरखून पाहिलं. "ह्या कोण म्हणायच्या?"

"पाहुण्या आहेत. फिनलंडच्या."

"लगीन झालंय?"

मी केर्तूला इंग्रजीत सांगितलं. केर्तूनं हसून मान हलवली. नाही.

"अगं बाई! आणि हिंडायला सोडलीय घरच्यांनी? बरं, असो. मी मिरजेची. सुमन मावशी म्हणत्यात मला. भाच्याचं जमवायचं चाललंय. तुमच्या गावातलं स्थळ हाय, शेट्यांची गिरिजा. दोघांनी एकमेकांना पसंत केलंय, पर चौकशी करायला पायजे न्हवं? पोरं काय, डोळ्यांनी लगीन करत्यात. संसार कानांनी करावा लागतो."

माझ्या पाठीमागं कडी लावलेलं दार होतं. आणि त्या दाराला कान असले काय नि नसले काय, पलीकडं सगळं ऐकू जात होतं.

"माझ्याकडं कसं येणं केलंत?" मी विचारलं.

"खाली बांगड्या भरत हुते. कासारीण म्हणाली, वर एक शिकल्या-सवरल्या बाई असत्यात, गावातली सगळी पोरंपोरी त्यांच्याकडं मार्गदर्शनाला येत्यात. म्हटलं, शिकलेल्या माणसाचं एक मत घ्यावं. वाण्याला विचारलं, हेडमास्तरीणबाईंना विचारलं, सगळी चांगलंच बोलत्यात. आता तुम्ही सांगा. पोरगी कशी हाय?"

मावशीला काहीएक माहीत नव्हतं. ती सहज आली होती. "असेल हो चांगली, माझी काही ओळख नाही," एवढं म्हटलं असतं तर ती पाणी पिऊन जिना उतरली असती आणि पुढच्या महिन्यात सुपारी फुटली असती. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. पण खोटं बोलायचं नाही, आणि कुणाविषयी अवाक्षर काढायचं नाही, या दोन गोष्टी मी इतकी वर्षं घोकल्या होत्या. तोंडातून भलतंच गेलं.

"मावशी, माझ्याकडं कोण येतं, कोण येत नाही, ते मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुम्ही आलात तर तुमचंही नाही सांगणार."

मावशीचा पाण्याचा तांब्या अर्ध्यावर थांबला.

"मी कुठं विचारलं, येती का म्हणून?" ती सावकाश म्हणाली. "मी विचारलं, पोरगी कशी हाय."

मी गप्प. आता काहीही बोलले असते तरी ते वाईटच झालं असतं, आणि न बोलणं तर त्याहून वाईट.

"बरं," मावशी म्हणाली. तांब्या खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. "कळलं. बाई, तुम्ही माणूस चांगलं हाय. तुम्हाला खोटं बोलता येत न्हाई. मी ढीगभर सोयरिकी जुळवल्यात. ज्याच्याबद्दल लोक चांगलं बोलत्यात त्याचं निम्मं खरं धरायचं. ज्याच्याबद्दल गप बसत्यात त्याचं समदं."

ती उठली आणि चपला घालायला दाराशी गेली. मावशीनं काय विचारलं नि मी काय म्हटलं ते मी केर्तूला इंग्रजीत सांगितलं. ती माझ्याजवळ सरकून हळूच म्हणाली, "फार छान सांभाळलंस तू. एक शब्दही सांगितला नाहीस."

"केर्तू," मी म्हटलं, "मी सगळं सांगून टाकलंय."

तिला ते कळण्यासारखं नव्हतंच. तिच्या देशात मुलीची चौकशी करत मावशी फिरत नाही.

तेवढ्यात आतून दार वाजलं.

"मॅडम, कडी काढा."

मावशीचा एक पाय चपलेत, दुसरा हवेत. तिनं वळून पाहिलं. मी दाराशी गेले, पण कडीला हात लावेना. तिचं नावही मला घेता येईना.

"आत्ता नको गं," मी दाराला तोंड लावून म्हटलं. "थांब जरा. पाच मिनिटं."

"काढा म्हणते ना."

"अगं, समजून घे. मी तुझ्यासाठीच…"

"माहिताय, माझ्यासाठीच," आतून आवाज आला. तो चढलेला नव्हता. "आप्पापण माझ्यासाठीच करतात. तुम्हीपण माझ्यासाठीच. पण माझं आहे ना ते, मॅडम? मग मलाच कोंडून काय ठेवलंय?"

खरं सांगते, मला त्या क्षणी तिचा राग आला. इतकी वर्षं जिवापाड जपलेलं ही पोर उधळून टाकणार. आप्पांचा चेहरा दिसायला लागला. आणि त्याच वेळी माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मी कडीवर हात ठेवून उभी होते, ती काढण्यासाठी नव्हे, घट्ट धरून.

मी कडी काढली.

गिरिजा बाहेर आली. हातात चपलांची पिशवी. मावशीनं आधी तिच्याकडं पाहिलं, मग पिशवीकडं, आणि तिला न सांगता बरंच कळलं. गिरिजानं वाकून नमस्कार केला, बघायच्या कार्यक्रमात केला असेल तसाच.

"मावशी, मी इथं येते. आई गेल्यावर मला बरं नव्हतं. जेवत नव्हते, झोपत नव्हते. एकदा पहाटे मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसले होते. आप्पांनी आणलं. गोळ्या घेतल्या, बंद झाल्या. आता बरी आहे. पुन्हा होणार नाही असं कुणी छातीठोकपणे सांगत नाही, मीपण सांगत नाही. सोमनाथना हे मीच सांगणार होते. शपथ घातली होती म्हणून राहिलं. तुम्ही त्यांना सांगा, नाहीतर त्यांना भेटू द्या, मी सांगते."

एवढं बोलून ती थांबली. मान खाली घातली नव्हती.

मावशी पुन्हा येऊन खुर्चीत बसली. तिनं हातातल्या नव्या बांगड्या मागंपुढं केल्या.

"आता झोप लागती?"

"लागते."

"जेवतीस?"

"शाळेत दोन डबे नेते."

मावशीच्या तोंडावर हसू येऊन गेलं. मग ती उठली, गिरिजाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "पोरी, मला तू आवडलीस. पर सोयरीक माझ्या एकटीच्या आवडीवर हुत न्हाई. घरात त्याची आई हाय, बाप हाय. मी त्यांच्या कानावर घालते. मिळंल तो जबाब ऐकायची तयारी ठेव. आणि एक, ही गोष्ट माझ्या तोंडनं त्या घराच्या पलीकडं जायची न्हाई. माझ्या लेकीलासुद्धा सांगणार न्हाई, आणि ती माझ्या पोटातलं सगळं काढती."

ती जिना उतरून गेली. गिरिजा भिंतीला टेकून खाली बसली आणि ओक्साबोक्शी रडली. केर्तू तिच्याशेजारी फरशीवर बसली. तिनं तिला हात लावला नाही. फक्त पाण्याचा तांब्या पुढं केला आणि म्हणाली, "पाणी."

मिरजेहून निरोप आला, पत्रिका जुळत नाहीत.

त्यावर तासगावात कुणी भुवईसुद्धा उचलली नाही. पत्रिका काय, जुळतात नाहीतर नाहीत. मावशीनं शब्द पाळला होता. आप्पांना मात्र चौकशीला कोण आलं होतं आणि कुणाच्या जिन्यावरून उतरलं होतं, ते कासारणीकडून समजलं. ते आले ते पायातल्या चपलांसकट आत आले.

"काय बोललात तुम्ही तिच्यापाशी?"

मी काय सांगणार? गिरिजानं घरी काय सांगितलंय, काय नाही, मला माहीत नव्हतं. दार तिनं उघडायला लावलं हे सांगायचा हक्क माझा नव्हता. बापालाही नव्हे. बापाला तर नव्हेच.

"आप्पा, मला काही सांगता येणार नाही."

"अजून तेच!" त्यांचा आवाज फुटला. "अहो, 'ओळखत न्हाई' म्हणाला असता तर तुमची जीभ झडली असती काय? उद्या माझी पोर घरात बसली, मी मेलो, मग तिच्या ताटात तुमचे नियम वाढू काय?"

मी त्यांना खुर्ची पुढं केली, ते बसले नाहीत. जाताना जिन्यावर दोनदा थांबले. मला वाटलं परत येतील, पण आले नाहीत. बाजारात समोर आले की रस्ता ओलांडून पलीकडं जायचे. आईनं विचारलं, "शेट्यांचं आणि तुझं काय बिनसलं?" मी म्हटलं, "काही नाही."

केर्तूची जायची वेळ आली. बॅग भरता भरता ती म्हणाली, "आमच्या गावात माझ्या दारापुढं बर्फ असतो. सगळे बूट बाहेर काढतात. बुटांवरून कळतं आत कोण आहे. लोक बूट हातात घेऊन आत येतात. मला वाटायचं, हे फक्त आमच्याकडं." मग वही उघडून म्हणाली, "गोपनीयतेखाली तुझ्याकडचं काय लिहू? लोकांना काय सांगू?"

आदल्याच दिवशी मी सुताराला बोलावून आतल्या खोलीची कडी काढून घेतली होती आणि ती दाराच्या आतल्या बाजूला बसवली होती. सुतार कुरकुरला. "बाई, कोठीला आतून कडी कोण लावतं? पेट्या लावत्यात काय?"

"लिही," मी केर्तूला म्हटलं, "कडी आतल्या बाजूला असावी."

ती हसली, मग हसायची थांबली आणि तिनं ते लिहून घेतलं. काही वर्षांनी त्यांचा छापील मसुदा पोस्टानं आला. छान होता. सगळ्या देशांच्या लोकांनी मिळून केलेला, प्रत्येक वाक्य तोलून मापून. आपली माहिती कुणाला द्यायची हे ज्याचं त्यानं ठरवावं, असंही त्यात होतं. कडी कुठं नव्हती. त्यांचंही बरोबरच आहे, फिनलंडपासून तासगावपर्यंत चालणाऱ्या कागदात आमची कोठी कुठं मावणार? खरं तर त्या दुपारी मला तो मसुदा पाठ असता तरी माझा हात कडीवरच गेला असता.

आणि गिरिजा. ती मधे बरेच दिवस आली नाही. गौरी-गणपती होऊन गेले, दसरा उलटला, तरी नाही. मी रोज वाट बघायचे आणि रोज स्वतःला सांगायचे, वाट बघणं आपल्या कामात बसत नाही. मग एका सकाळी ती आली. अंगावर शाळेची साडी, हातात वह्यांचा गठ्ठा. पिशवी नव्हती.

"चपला आत घे," मी सवयीनं म्हटलं. "खालून दिसतात."

"दिसू देत. करिअर मार्गदर्शनाला आलेय."

ती आतल्या खोलीत गेली, कडी जागची हललेली पाहिली आणि खुर्चीत टेकली. तिनं आप्पांना सगळं सांगून टाकलं होतं. आप्पा बरेच दिवस तिच्याशीही बोलले नव्हते. आता जेवायला वाढ म्हणण्यापुरतं बोलतात, म्हणाली.

"सोमनाथचं?" मी विचारलं.

"दुसरीकडं ठरलं. दिवाळीनंतर आहे." तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत. "वाईट वाटतं ना. खूप वाटतं. आप्पा म्हणतात, गप्प बसली असतीस तर आज होकार आला असता."

मी काही विचारलं नाही. 'तुला काय वाटतं' तर मुळीच नाही.

"मी म्हटलं, आला असता आप्पा. पण तो दुसऱ्याच कुणाला तरी आला असता. नकार तरी मला आला."